आत्या अकराव्या पिढीत नामशेष

प्राण्यांमध्ये परोपकार टिकतो कसा, हे भाचा दोन वर्षं संगणकावर शोधत होता. त्यासाठी त्याने काल्पनिक प्राण्यांच्या जाती केल्या होत्या. प्रत्येक जातीचा डाव, म्हणजे इतरांशी वागायची पद्धत, वेगळा. त्या डावात जिला गुण जास्त मिळतील, तिला पिल्लं जास्त. अ, ब, क म्हटलं की गोंधळ उडायचा, म्हणून त्याने जातींना घरातलीच नावं दिली. छापलेली पानं क्रमाने लावायचं काम, इतर सगळ्या कामांसारखंच, आत्याकडे गेलं.

बाविसाव्या पानावर आत्या थांबली. चष्मा पुसून तिने वाचलं, "आत्या. डाव : समोरचा कसाही वागो, मदत करणे. अकराव्या पिढीत नामशेष."

"तो प्राणी आहे गं," भाचा म्हणाला.

"मला खाल्लं कुणी?"

"खाल्लं नाही. तुझ्याकडून घेत राहिले, दिलं काहीच नाही."

"त्यात नवीन काय? कुणी घेतलं ते विचारतेय."

भाच्याने गठ्ठा ओढायचा प्रयत्न केला. पण पानं नीट लावलेली असल्यामुळे तेविसावं तिला लगेच सापडलं. 'भाचा. डाव : घेणे.'

"आणि थोरली काकू?"

"ती समोरचा देईल तेवढंच देते. शेवटपर्यंत टिकली."

"वाटलंच होतं," आत्या म्हणाली आणि तिने गठ्ठ्याला टाचणी मारली.

दुसऱ्या दिवशी त्याला कुणी उठवलं नाही. शर्टाला इस्त्री नव्हती, आणि इस्त्री कुठल्या कपाटात असते हे त्याला ठाऊक नव्हतं. डबा होता, पण रिकामा. आपलंच संशोधन मांडायला तो चाळीस मिनिटं उशिरा, चुरगळलेला पोहोचला.

"मदत करणारी जात इतक्या लवकर कशी संपेल?" सरांनी विचारलं. "पटत नाही."

"मलाही पटत नव्हतं सर. आज सकाळपासून पटायला लागलंय."

सरांनी सगळे आकडे पुन्हा काढून आणायला सांगितलं.

संध्याकाळी त्याने आयुष्यातला पहिला चहा केला आणि आत्यासमोर ठेवला. "चुकलं माझं. तुला काकूचा डाव देतो. टिकशील."

आत्याने एक घोट घेतला आणि कप बाजूला सारला. "मी संपल्यावर त्या भाच्याचं काय झालं?"

"घ्यायला कुणी उरलं नाही. काकू दाद देईना. विसाव्या पिढीत तोही संपला."

आत्याने बोटांवर मोजलं.

"म्हणजे मधल्या नऊ पिढ्या तू जेवलास काय?"

ती उठून स्वयंपाकघराकडे निघाली. 'बस, मी करतो,' असं त्याला अगदी मनापासून म्हणायचं होतं. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं.