नऊ दातांचं दाताळं

नागभीडच्या आठवडी बाजारात गोविंदाभाऊ दाताळ्यांच्या दुकानाशी आले की आधी चपला काढतात. दुकानदार कपाळाला हात लावतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. भाऊ पाला ओढायचं एक दाताळं उचलतात, बोटावर तोलतात, दात नखानं वाजवून कान देऊन ऐकतात. मग दुकानापुढच्या मातीत ते सरळ ओढतात, डोळे मिटतात आणि त्या ओरखड्यांवरून अनवाणी, पाय घासत चार पावलं चालतात. चालून झालं की दाताळं परत. "दात लई दाट हायेत. पायाले समजत नाई."

आता दाताळं हे हाताचं काम. पायाला त्यात काय समजायचं? पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस कामातून गेला.

भाऊ माझे शेजारी. मी तहसिलीत कारकुनी करून रिटायर झाले आणि गावाच्या कडेला घर बांधलं, दारात दोन सागवानं. भाऊंची उमेदीची वर्षं जंगलात रोजंदारीवर गेली. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जंगलातून लांबच लांब पट्टे झाडून मोकळे ठेवतात, त्याला जाळरेषा म्हणतात. भाऊंनी जन्मभर तो पालापाचोळा ओढला.

त्यांच्या गोठ्याच्या कुडाला सात दाताळी टांगलेली आहेत. सागाचं पान थाळीएवढं, त्याला बांबूचा रुंद पंजा. बांबूचं पान दातांतून निसटतं, त्यासाठी जुन्या छत्रीच्या काड्या वाकवून केलेलं एक. ओल्या पानाचं वेगळं, वाळल्याचं वेगळं. चिंचेच्या पाल्याला दाताळं लावणारा माणूस त्यांच्या लेखी येडा, तिथं खराटाच पाहिजे. मी नोकरीत मोठमोठे साहेब पाहिले, पण आपल्या कामाची एवढी जाण असलेला एकही पाहिला नाही. खोटं कशाला बोलू, या माणसापुढे हात जोडावेसे वाटतात. फक्त काही विचारायची सोय नाही. काहीही विचारा, उत्तर एकच: "अगुदर जमिनीले इचारलं का?"

त्यांची बायको गिरजाबाई. या बाईंचे डोळे गेले त्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. पण अंगणात वावरतात कशा, तर ना काठी, ना भिंतीला हात. ओट्यावरून उतरल्या की थेट नळाशी, तिथून धुण्याच्या दगडाशी, तिथून गाईपाशी. मी मनात म्हणायचे, सवय, दुसरं काय.

माझ्या सागवानांची पानं गळायला लागली तेव्हा मी भाऊंनाच दाताळं निवडून द्यायला सांगितलं. चूक झाली. तीन बाजार त्यांनी मला एकही घेऊ दिलं नाही. मग माझ्या हाताची वीत मोजली, मला भिंतीशी उभं करून खांद्यापर्यंत सुतळी धरली, आणि लोहाराकडे खेटे घालून एक लोखंडी दाताळं करवून आणलं. नऊ दात, दोन दातांमध्ये दोन बोटं अंतर, दांडा माझ्या मापाचा. मी हौसेनं ओढलं तर काय, पानं दातांना टोचून बसली आणि माती उकरली गेली. जन्मभर पानं ओढलेल्या माणसानं सागाला हे द्यावं? मी चांगलीच तणतणले. भाऊ शांतपणे म्हणाले, "राहू द्या बाई. कामी येईन."

मी ते कोपऱ्यात टाकलं आणि त्यांना न सांगता बाजारातून बांबूचा पंजा आणला. त्यानं माझं अंगण असं स्वच्छ निघायचं की बघत राहावं.

गेल्या माघात भाऊंना पुतणीच्या लग्नाला जिवती गावाला जावं लागलं. दोन दिवसांचा प्रश्न होता. जाताना चारदा मागे वळून म्हणाले, गिरजाबाईंवर लक्ष ठेवा. सकाळी पाहते तर त्यांच्या अंगणात माझ्याच सागवानांची पानं उडून पडलेली. मला लाज वाटली, आणि थोडी शेखीही मिरवायची होती. मी पंजा घेऊन गेले, अंगण झाडलं, वरून खराटा फिरवला, सडा टाकला. तळहातासारखं गुळगुळीत केलं.

तेवढ्यात गिरजाबाई बाहेर आल्या. ओट्यावरून एक पाय खाली टाकला, मातीवर इकडून तिकडे फिरवला आणि परत वर घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा घेतला. मग खांब धरून उभ्याच राहिल्या.

"बाई, आंगन कुठी गेलं?"

मला आधी काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. भाऊ रोज पहाटे अंगणात दाताळं ओढत ते झाडायला नव्हे. ओट्यापासून नळापर्यंत सरळ रेघा, त्या पायाखाली धरून चालायचं. आडव्या रेघा लागल्या की थांबायचं, पुढे दगड आहे. गोल रेघा म्हणजे गाय. दात दोन बोटांवर असले तरच तळव्याला रेघ न् रेघ वेगळी कळते. मी एका सकाळीत त्या बाईची वाट पुसून टाकली होती, आणि वर सडा!

मी भाऊंचं दाताळं शोधायला गोठ्याकडे निघाले, तर गिरजाबाई म्हणाल्या, "तुमच्या घरचंच आना नं. माप सारखंच हाये."

कोपऱ्यातलं दाताळं आणलं. दुपारपर्यंत मी ओढत होते, गिरजाबाई ओट्यावर बसून सांगत होत्या, मध्येच उतरून तळव्यानं तपासत होत्या. दोनदा रेघा मोडायला लावल्या. सरकारी कागदावर माझी रेघ कधी वाकडी गेली नाही, पण त्या दिवशी घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. फाटकातच थबकले, खाली पाहिलं, चपला काढल्या आणि डोळे मिटून ओट्यापासून नळापर्यंत चालले. "नळापाशी हात लटपटला तुमचा," म्हणाले.

मी चिडलेच. म्हटलं, हे दाताळं कशासाठी आहे ते आधी सांगायला तोंड नव्हतं का?

भाऊ चपलेचा अंगठा सारखा करत बसले. मग आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "कसं सांगू, बाई? लेकरूबाळ नाई आमाले. मी अगुदर गेलो तं तिनं नळावर कसं जावं? बाजारात तिच्या पायाले समजंन असं भेटे ना, म्हनून तुमच्या हाताचं करून ठेवलं."

एवढ्या मोठ्या जंगलात रेघा ओढलेला माणूस, आणि त्याचा सगळा घोर त्या नळापर्यंतच्या वीस पावलांचा.

तेव्हापासून पहाटे एक दिवस ते ओढतात, एक दिवस मी. सुरुवातीला गिरजाबाई ओट्यावरूनच सांगायच्या, आज बाईनं ओढलं. रोज काही ना काही खोट निघायची. मागच्या आठवड्यात त्या नळावरून घागर भरून परत आल्या आणि ओट्याशी थांबून म्हणाल्या, "आज कोनं ओढलं वं?"

मी ओढलं होतं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि उपरण्यानं डोळे पुसले.

त्या आठवड्यात भाऊ बाजारात आले तेव्हा दुकानदारानं त्यांना पाहून आधीच कपाळाला हात लावला होता. भाऊ दुकानावरून सरळ पुढे गेले, मीठ-मिरची घेतली आणि चपला न काढता घरी आले.