पाय कोनाचा?

वानखडेभाऊ गळ्यात एकदम पाच ओळखपत्रं घालून ऑफिसात येत. पाच रंगांच्या पट्ट्या, पाच कंपन्यांची नावं आणि पाचही फोटोंत तोच तिरसट चेहरा. पोळ्याचा बैल सजवून आणलाय, असं कुणी हसून म्हटलं की ते तिथंच थांबून ऐकवत, "लेकरू एक अन् बाप पाच. पन एकही म्हनत नाही का हे माह्यं हाये."

अकोल्यातल्या एका सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत माझं टेबल त्यांच्या शेजारी. प्रयोगशाळा सरकारची, पण आम्ही सरकारचे नाही. सरकार एका एजन्सीला ठेका देतं, एजन्सी कागदावर आम्हाला नोकरीला ठेवते आणि इथं कामाला धाडते. पगार तिच्या हातून येतो, तिचा वाटा कापून. ठेका संपला की दुसरी एजन्सी येते. खुर्च्या त्याच, बाटल्या त्याच, माणसं तीच. फक्त आमची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. वानखडेभाऊंचे केस इथंच पिकले, पण कार्डावर ते कायम नवे. "नव्या नवरीवानी मले दरखेपी माप ओलांडाले लावतात," असं म्हणत ते नवं कार्ड जुन्यांवर चढवत.

एजन्सीचा माणूस आम्ही कधी डोळ्यांनी पाहिला नाही. फोनवर एक मुलगी असे, ती गोड आवाजात सगळं पोर्टलवर टाकायला सांगे. भाऊ फोन स्पीकरवर ठेवून तिला झापत. आपला राग सगळ्यांनी ऐकावा, अशी त्यांची इच्छा असे. चहा गार आला तरी ते चहावाल्याला विचारत, "तू कोन्या एजन्सीचा बे?"

मग सिद्धार्थचा पाय मोडला. सिद्धार्थ आमच्यातलाच, अकोटहून रोज एसटीनं येणारा. गावोगावच्या पाण्याचे नमुने आणायचं काम त्याचं. एका टाकीच्या शिडीची पायरी तुटली आणि तो खाली आला. नेमका जुन्या एजन्सीचा ठेका आदल्या दिवशी संपला होता. ती म्हणाली, तो आता आमचा नाही. नवी म्हणाली, अजून आमचा नाही. प्रयोगशाळेच्या साहेबांनी सांगितलं, तो आमचा कधीच नव्हता.

भाऊ साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. मी मागे उभी होते. ते ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "साहेब, टाकी तुमची, पानी तुमचं, शिशी तुमची. पाय तेवढा कोनाचा, सांगा."

साहेब तसे वाईट नव्हते. टेबलाच्या काचेकडे बघत ते म्हणाले, की त्यांच्या हातात काही नाही.

नव्या एजन्सीनं कळवलं, की सगळ्यांनी उद्या हजेरीच्या यंत्राला चेहरा दाखवून रुजू व्हायचं. जो येणार नाही त्याच्या जागी दुसरा. यंत्र दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या जागी आमच्याकडे नुसतं भगदाड. दुसऱ्या दिवशी भाऊंनी दवाखान्यातून सिद्धार्थला ऑटोत घातलं, दारात उतरवलं आणि प्लॅस्टरसकट पाठंगुळी घेऊन जिना चढायला लागले. पन्नाशी ओलांडलेला काटकुळा माणूस. प्रत्येक वळणावर दम घ्यायला थांबत आणि तेवढ्यात एकेका एजन्सीला नावानिशी शिव्या घालून घेत. आम्ही हात लावायला गेलो तर आमच्यावरही डाफरले.

वर गेल्यावर यंत्र सिद्धार्थला ओळखेना. दुखण्यानं त्याचा चेहरा पार वाकडा झाला होता. भाऊ मान वळवून म्हणाले, "हास ना बे जरासा. मशीनले हासरा मानूस लागते." सिद्धार्थ हसला, डोळ्यांत पाणी होतं, आणि यंत्र धन्यवाद म्हणालं.

हजेरी रोजची. अकोटहून त्या पायानं येणं शक्यच नव्हतं, म्हणून भाऊंनी त्याला आपल्या खोलीवर ठेवून घेतलं आणि ते त्याला रोज वर आणू लागले. काही दिवसांनी साहेबांनी आपणहून यंत्र खालच्या मजल्यावर बसवून घेतलं. पायाची जबाबदारी मात्र शेवटपर्यंत कुणी घेतली नाही. सरकारी दवाखान्यात झालं तेवढं झालं.

एका रविवारी मी डबा घेऊन भाऊंकडे गेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. एका खोलीत दोघं टीव्हीवरून कडाकडा भांडत होते. भाऊंचं म्हणणं, हाडं जुळायची तर बातम्या बघू नयेत. माझी भाजी त्यांनी बाजूला सारली. सिद्धार्थसाठी त्यांनी स्वतः नाचणीची आंबील रांधली होती, आणि ती तो पीत नाही म्हणून ते चिडले होते.

प्लॅस्टर दाखवायला मीही सोबत गेले. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि म्हणाले, हाड छान जुळलंय, आजच काढू, घरी जायला हरकत नाही. सिद्धार्थचा चेहरा उजळला. त्यानं लगेच आईला फोन लावला.

वानखडेभाऊ डॉक्टरवर उखडले. एवढी घाई कावून, हाड कच्चं हाये, अजून राहू द्या. डॉक्टरांनी शांतपणे एक्स-रे त्यांच्या हातात दिला. भाऊंनी तो खिडकीकडे धरला, उलटा करून पुन्हा धरला. मग ते एरवी कधी न ऐकलेल्या हळू आवाजात म्हणाले,

"मी तं दूधवाल्याले महिनाभर जास्तीचं सांगून बसलो."