आबांनी रंगवलेली परीक्षा

"परीक्षेचं काय घेऊन बसलीस! तुझी तयारी मी करून घेतो!" आबांनी छाती फुगवून सांगितलं.

आता हे आबा कोण? जन्मभर लोकांच्या भिंती रंगवलेले रंगारी. अक्षरओळख म्हणाल तर गेल्याच वर्षीची! तीही तिसरीतल्या नातीकडून. नातीचं नाव काहीही असो, घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. शाळा सुटली की भिंगरी बाई व्हायची आणि आबा पाटी घेऊन पुढ्यात बसायचे. चुकले की उठाबशा! गुडघ्यांमुळे निम्मी सूट.

आणि अशात ही परीक्षा आली. सगळ्या शाळांना एकच पेपर, वाचन आणि गणित, तपासणार मशीन! जो कच्चा निघेल त्याला शाळा सुटल्यावर जादा वर्ग.

शाळा सुटल्यावर? म्हणजे आबांची शिकवणीच बंद!

भिंगरीने नमुन्याची उत्तरपत्रिका आणली. प्रत्येक प्रश्नापुढे चार गोल. वर बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं. ते वाचायला आबांना दुपार पुरली नसती. पण गोल रंगवायचे आहेत एवढं त्यांना कळलं, आणि रंगवण्यात त्यांना कोण शिकवणार?

"हे बघ भिंगरे, रेघेबाहेर जायचं नाही. कोपरा कोरा सोडायचा नाही. आणि काम अर्धवट टाकून उठायचं नाही!"

"सगळे रंगवायचे?"

"मग! चार भिंतींची खोली, एकच रंगवून कुणी पैसे मागतं का?"

परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी शाळेतून बोलावणं आलं. आबा इस्त्रीचा सदरा घालून निघाले. बक्षीसच असणार!

बाईंनी उत्तरपत्रिका पुढे ठेवली. काळीकुट्ट! जणू मुंग्यांची पलटण संचलनाला उभी.

"हे काय आहे, आबा?"

आबांनी ती उजेडात धरली, तिरकी करून पाहिली. डोळे भरून आले. "काय सफाई आहे हो! एक तरी गोल बाहेर गेलाय का, सांगा!"

"अहो, मशीन बंद पडलं! हुशार मुलगी सगळे रंगवतेय बघून मागच्या तीन बाकांनीही सगळे रंगवले!"

"त्यांचं काम इतकं सुबक नसेल," आबा म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. "वरची सूचना वाचा बरं."

आबांनी उत्तरपत्रिका डोळ्यांजवळ ओढली. त्यांनी बोट ठेवलं. "ब... रो... बर..." शेजारी उभ्या भिंगरीचे ओठ हलू लागले, पण तिने आवाज काढला नाही. "उ... त्त... उत्तराचा... ए... एकच... गोल... रंगवा."

आबा जागच्या जागी थिजले. एकच!

"आबा!" भिंगरी टाळ्या पिटत नाचायलाच लागली. "जोडाक्षर! न सांगता वाचलं! बाई, ऐकलंत ना?"

बाईंनी ऐकलं होतं. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी तोच पेपर भिंगरीला तोंडी विचारला, तर पोरीने धडाधड उत्तरं दिली.

"हिला नको जादा वर्ग," बाई हसून म्हणाल्या. "ही आणि ते तीन बाक उद्या पुन्हा पेपर लिहितील. पण आबा, संध्याकाळी इथे मोठ्यांचाही वर्ग असतो. तुम्ही या की!"

आबा काही बोलायच्या आत भिंगरीने त्यांचा सदरा घट्ट धरला.

"नको बाई! ते फार कच्चे आहेत. तुम्हाला झेपायचे नाहीत. माझ्याकडेच राहू देत!"

परतताना आबांनी हळूच विचारलं, "भिंगरे, मी खरंच इतका कच्चा?"

"खूपच!"

"म्हणजे अजून बरीच वर्षं लागतील?"

"लागतील की!"

मंडळी, नापास झाल्याचा एवढा आनंद आजवर कुणाला झाला नसेल. आबा रस्ताभर शीळ घालत होते. घरी पोचल्यावर जोडाक्षराच्या नादात पाटी उलटी धरली, आणि चार उठाबशा पडल्या.

निम्मी सूट धरून, दोन.