सोप्यात सोपी प्रणाली आणि एल्साचं लग्न

मीरा रोडच्या 'सागरछाया' सोसायटीतला ऑफिसचा कॉम्प्युटर बंद पडला आणि त्याच दिवसापासून सोसायटीचा हॉलही बंद झाला. या दोन गोष्टींचा संबंध सेक्रेटरी कौस्तुभ राजवाडे यांना अगदी स्पष्ट दिसत होता. हॉलचं बुकिंग फक्त कॉम्प्युटरवरूनच व्हावं, हा ठराव त्यांनी स्वतः मांडून पास करून घेतला होता. कॉम्प्युटर नाही, म्हणून बुकिंग नाही. बुकिंग नाही, म्हणून कुलूप.

दुरुस्तीवाल्याने नवी डिस्क बसवली आणि विचारलं, "साहब, विंडोज डालूँ या लिनक्स?"

'टाक काहीतरी' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण कौस्तुभ विमा कंपनीतून निवृत्त झाले होते. दोन पर्याय दिसले की तुलना केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "जी प्रणाली बसवायला सोपी, ती घेऊ," ते म्हणाले आणि दुरुस्तीवाल्याला घरी पाठवून त्यांनी उपसमिती नेमली.

तिसऱ्या मजल्यावरच्या मॅबेल आंटी ऑफिसात आल्या. मूळच्या जवळच्याच पाली या किनाऱ्यावरच्या गावच्या. त्यांच्या लेकीचं, एल्साचं, लग्न पुढच्या महिन्यात होतं.

"सेक्रेटरी, हॉल हाय का न्हाय?"

"आहे की आंटी! बुकिंग सुरू झालं की पहिला नंबर तुमचाच."

"न् ते कंदी?"

"तुलनात्मक चाचणी पूर्ण झाली की लगेच."

चाचणीला खजिनदार हंसाबेन बसल्या. त्यांनी विंडोज बिनबोभाट बसवलं. टाळ्या पडल्या. मॅबेल आंटींनी आनंदाने लग्नाची तारीख सांगितली, पण कौस्तुभनी हात वर केला. दुसऱ्या उमेदवाराला, म्हणजे लिनक्सलाही, तशीच कोरी डिस्क मिळायला हवी, नाहीतर तो पक्षपात झाला असता. सगळं पुसलं गेलं. मग हंसाबेननी लिनक्सही तितक्याच सहज बसवलं. पुन्हा टाळ्या. पुन्हा कौस्तुभचा हात वर.

"हंसाबेन, दुसरी सोपी गेली, कारण पहिलीवर तुमचा हात बसला होता. चाचणी रद्द."

"अरे, पर दोनों तो हो गये ना!" हंसाबेन म्हणाल्या.

"तोच तर प्रॉब्लेम आहे."

आता दोन माणसं हवी होती, दोघंही सारखीच अडाणी. नोटीस लागली: 'इच्छुक अनभिज्ञ सभासदांनी संपर्क साधावा.' बी विंगमधला लेस्ली पहिला आला. तो वीस वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत होता. "आमच्याकडे हे काम दुसरं डिपार्टमेंट बघतं, मला खरंच काही येत नाही," असं त्याने पोटतिडकीने सांगितलं. पण त्याचा पगार बघता समितीचा विश्वास बसला नाही. अखेर निवृत्त मुख्याध्यापक दशरथ सर आणि त्यांच्या पत्नी अंबिकाबाई यांची निवड झाली. अज्ञान समान आहे ना, हे तपासायला दोघांची दहा गुणांची परीक्षा घेतली. सरांना शून्य मिळालं. अंबिकाबाईंना दोन.

"ह्यांच्याइतकं अज्ञान मी कुठून आणू?" अंबिकाबाई म्हणाल्या.

ते दोन गुण विसरण्यासाठी बाईंना पंधरा दिवसांची मुदत देण्यात आली.

"अहो, कागदावर तारीख लिहून आंटींना किल्ली द्या ना," घरी कौस्तुभची बायको स्वप्नाली म्हणाली.

"आणि ठरावाचं काय?"

"तो तुम्हीच केलाय ना?"

"म्हणून तर मोडता येत नाही!"

बोलले खरे, पण जिन्यात मॅबेल आंटी दिसल्या की कौस्तुभ लिफ्टने जाऊ लागले. पंधरा दिवस सरले. अंबिकाबाईंना ते दोन गुण अजून आठवत होते, आणि धास्तीने त्यांनी चोरून अभ्यास केल्यामुळे आता तीन मिळत होते. मुदत वाढवण्यात आली.

लग्न पालीला, मॅबेल आंटींच्या भावाच्या घरासमोर झालं. चिंचोळ्या गल्लीत मांडव घातला, टू-व्हीलर समुद्राकडे हलवल्या. अख्ख्या सोसायटीला आमंत्रण होतं, कौस्तुभनाही. ते मान खाली घालून गेले. आंटींनी त्यांच्या ताटात सुरमईचा मोठा तुकडा वाढला. कौस्तुभनी तो ताटाच्या कडेला सरकवला.

"आंटी, हॉलचं खरंच मनाला लागलंय हो..." त्यांनी सुरुवात केली.

"ते कॉम्प्युटरवाले सेक्रेटरी तुम्हीच काय?" शेजारून नवऱ्या मुलाचे वडील, तारोडीचे मॅथ्यू, म्हणाले. "मग, कंची सोपी निघाली?"

कौस्तुभचा चेहरा उजळला. त्यांनी ताट खाली ठेवलं. खुर्च्या ओढल्या गेल्या. लेस्ली आला, हंसाबेन आल्या, बँडवाला ट्रम्पेट काखेत मारून आला. अर्धा मांडव विंडोजच्या बाजूने, अर्धा लिनक्सच्या. स्टेजवर एल्सा आणि नवरा सुरी हातात धरून उभे राहिले.

"अरे, केक कापायचा हाय!" मॅबेल आंटी ओरडल्या.

"एक मिनिट आंटी," मॅथ्यू वळून न बघता म्हणाले, "हे महत्त्वाचं हाय."

एल्साने केक कापला. कुणी पाहिला नाही.

सोसायटीचा हॉल अजून बंद आहे. ही हकीकत ऐकणाऱ्यांपैकी तो कधी उघडणार, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. सगळे एकच विचारतात: शेवटी सोपी कुठली ठरली? मघापासून तुमच्याही मनात तेच घोळत असेल, तर या. उपसमितीत एक जागा रिकामी आहे.