सोयरिकीचे पाच लाडू

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, गुरुवार. पहाटे दाट धुकं, नऊनंतर लख्ख ऊन, वारा जवळजवळ नाही.

असा तो दिवस होता, मुलांनो, आणि एक जंगल होतं. कोणतं ते विचारू नका. जंगलातल्या मंडळींनाही अब्रू असते. त्या जंगलात यमुताई नावाची अस्वलीण राहत होती आणि आज तिच्या मुलीची, बकुळाची, सोयरीक पक्की व्हायची होती.

पण त्याआधी दीड वर्षापूर्वीचं थोडं सांगायला हवं.

दीड वर्षापूर्वी यमुताईचं वजन एकशे एकाहत्तर किलो होतं. गुडघे दुखत. चार पावलांवर दम लागे. झोपेत श्वास अडके, आणि ती दचकून उठली की शेजारची घुबडंही दचकत. पथ्यं तिनं सगळी करून पाहिली. एकदा मध सोडला, एकदा मोह सोडला. एक अख्खा महिना तर ती नुसत्या काकडीवर राहिली. वजन उतरायचं, आणि दोन महिन्यांनी आणखी तीन किलो सोबत घेऊन परत यायचं.

तेव्हा सगळं जंगल तिला एकच सांगत असे, "यमुताई, जरा कमी खा."

शेवटी ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणजे सुतारपक्षी. त्यांनी पोटावर पाच बारीक भोकं पाडली, आत चोच घातली आणि पोटाची पिशवी कापून पळसाच्या एका द्रोणाएवढी केली. टाके शिंपी पक्ष्यानं घातले. तिसऱ्या दिवशी यमुताई चालत घरी गेली.

निघताना डॉक्टर म्हणाले, "यमुताई, मी फक्त पोट लहान केलंय. जीभ होती तेवढीच आहे. नातेवाईकही होते तेवढेच आहेत. त्यांचं तुमचं तुम्हालाच बघावं लागेल."

मग त्यांनी नियम सांगितले. एका वेळी एक द्रोण. आधी वाळवी, कारण ताकद तिच्यात असते. मग पाला, आणि जागा उरलीच तर फळ. प्रत्येक घास तीस वेळा चावायचा. जेवणाच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी प्यायचं नाही. गोड आठवड्यातून एकदा, तेही लाडवाचा आठवा हिस्सा. रोज नदीपर्यंत चालायचं. जीवनसत्त्वाची गोळी रोज घ्यायची.

"किती दिवस?" यमुताईनं विचारलं.

"मरेपर्यंत."

"आणि मग?"

"मग सूट," डॉक्टर म्हणाले.

यमुताईनं नियम पाळले. मोडला एकदाच. सशाच्या घरच्या बारशाला तिनं आग्रहाखातर मधाचा अख्खा लाडू खाल्ला. दहा मिनिटांत तिला दरदरून घाम फुटला. छाती धडधडू लागली, पोटात कळा आल्या, आणि ती दुपारभर जांभळीखाली आडवी पडून राहिली. बकुळा सागाच्या पानानं वारा घालत बसली होती. त्या दिवसापासून दोघींनी लाडवाचा धसका घेतला.

आता यमुताईचं वजन एकशे सहा किलो होतं. गुडघे गप्प झाले होते. ती पुन्हा झाडावर चढत होती. आणि सगळं जंगल आता तिला एकच सांगत होतं, "यमुताई, किती उतरलात हो. काही दुखणं नाही ना? जरा खा."

"ऑपरेशन काय, कुणीही करून घेईल," रानडुक्कर चिखलात लोळत म्हणायचा. "खरं म्हणजे माणसानं... आपलं, जनावरानं, मनावर ताबा ठेवावा." एवढं बोलून तो दुसऱ्या कुशीवर व्हायचा.

तर बकुळाचं स्थळ. ते साळूमामांनी आणलं होतं. साळूमामा म्हणजे साळिंदर. जंगलातली निम्मी लग्नं त्यांनी जमवली होती, कारण त्यांना टोचून बोलायची कुणाची हिंमत नव्हती. मुलगा नदीपलीकडचा. कमी बोलायचा आणि बघता बघता झाडाच्या शेंड्यावर पोचायचा. बकुळाला तो पसंत होता.

अडचण त्याच्या आईची होती. द्वारकाबाईंची.

द्वारकाबाईंचा आग्रह पाच जंगलांत प्रसिद्ध होता. त्यांच्या पंगतीचे चार नियम होते. पाहुण्यानं 'नको' म्हणायचं नाही. यजमानानं 'पुरे' म्हणायचं नाही. पान रिकामं दिसलं की वाढायचं. आणि शेवटच्या पाहुण्याचं जेवण आटोपेपर्यंत कुणी पानावरून उठायचं नाही. शिवाय सोयरीक असेल, तर मुलीच्या आईनं मधाचे पाच लाडू संपवायचे. मागच्या वर्षी एका मुलीची आई चार लाडवांवर थांबली होती. ती मुलगी अजून घरी आहे.

गुरुवारी सकाळी निघताना बकुळा म्हणाली, "आई, आपण जायलाच नको. तू पुन्हा आडवी पडलीस तर?"

"मुलगा आवडलाय ना तुला?"

बकुळा पायानं माती उकरू लागली.

"मग चल," यमुताई म्हणाली. पण नदी ओलांडताना तीच दोनदा थांबली. लाडू खावेत तर जीव घाबरा होणार, आणि न खावेत तर मुलीचं लग्न मोडणार.

पंगत बरोबर दहा वाजता बसली. पानं तेहतीस. गवा सरपंच, रानडुक्कर, साळूमामा, द्वारकाबाईंचे यजमान, सगळे ओळीनं बसले. माकडं वाढायला होती. वाळवीची उसळ होती, मोहाची भाकरी होती, करवंदाचं लोणचं होतं. यमुताईच्या पानात वरच्या बाजूला पाच लाडू ठेवले होते. एकेक लाडू बेलफळाएवढा.

द्वारकाबाई पळी घेऊन समोर उभ्या राहिल्या.

"हे काय विहीणबाई, अगदी चिपाड झालात. घरात कुणी खाऊ देत नाही वाटतं?"

"खाते ना मी."

"मग खा. पाचातला एक कण जरी राहिला, तर मी समजेन तुमच्या मनात ही सोयरीक नाही."

"मनात आहे," यमुताई म्हणाली. "पाचही खाईन. पण माझं जेवण जरा हळू आहे."

"अहो, मग सावकाश होऊ द्या," द्वारकाबाई म्हणाल्या. असं सगळेच यजमान म्हणतात, मुलांनो. म्हणायची रीत असते.

यमुताईनं ते ऐकलं आणि खाली घातलेली मान वर केली. "नक्की ना?"

"नक्की म्हणजे काय! अगदी सावकाश."

यमुताईनं उसळीचा एक घास घेतला आणि तीस वेळा चावला. मग दुसरा घेतला. शेजारी बसलेली बकुळाही आईच्याच चालीनं चावू लागली.

साडेदहाला बाकीच्या सगळ्यांची पानं रिकामी झाली. उठता येईना. माकडांना रिकामी पानं दिसली. माकडांनी वाढलं.

पावणेअकराला यमुताईची द्रोणभर उसळ संपली.

"आता लाडू," द्वारकाबाई म्हणाल्या.

"आता जागा नाही. अर्ध्या तासानं पाणी घेईन, घोट घोट. दुपारी बघू."

"दुपारी?"

"तुम्हीच म्हणालात, सावकाश."

बाराला पानं तिसऱ्यांदा रिकामी झाली. माकडांनी चौथ्यांदा वाढलं. सशांनी कान खाली पाडले. दीडला गवा सरपंच बसल्या बसल्या झोपले आणि त्यांचं नाक लोणच्यात गेलं. ते शिंकून जागे झाले, तर पानात ताजी भाकरी पडलेली.

"यमुताई," साळूमामा हळूच म्हणाले. त्यांच्या पाठीवरचे काटे पोटाच्या ताणानं आपोआप उभे राहिले होते. "सोयरीक मी जमवली. माझ्याकडे बघून एखादा लाडू गिळा."

"गिळायचं नाही, मामा. चावायचं."

रानडुकरानं डोळे घट्ट मिटून घेतले होते. तो मनावर ताबा ठेवत होता.

तीन वाजता यमुताईनं पहिला लाडू हातात घेतला. सगळी पंगत श्वास रोखून बघू लागली, म्हणजे ज्यांना श्वास घेता येत होता त्यांनी रोखला. तिनं लाडवाचे नखानं आठ सारखे तुकडे केले. एक तोंडात टाकला आणि तीस वेळा चावला. मग थोडा वेळ डोळे मिटून वाट बघितली. घाम आला नाही.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?" द्वारकाबाईंनी विचारलं. पळी धरून धरून त्यांचा खांदा उतरला होता.

"या आठवड्याचं गोड. आता पुढच्या गुरुवारी."

द्वारकाबाईंनी मनात हिशेब सुरू केला. तो त्यांना लवकर जमेना, तेव्हा बकुळानं सांगितला. "लाडवाचे आठ तुकडे. आठवड्याला एक. पाच लाडवांना चाळीस आठवडे."

"चाळीस आठवडे ही मंडळी इथंच बसणार?"

"नियम तुमचा आहे, विहीणबाई," यमुताई म्हणाली. "मला घाई नाही. मी मरेपर्यंत असंच जेवणार आहे."

हे ती भांडून बोलली नाही. जसं आहे तसं बोलली. द्वारकाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पंगतीकडे पाहिलं. त्यांचे यजमान पानावर आडवे झाले होते आणि एक माकड त्यांच्या पोटावर द्रोण ठेवून आत भाजी वाढत होतं.

"त्रास होतो का हो फार?" द्वारकाबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"लाडू खाल्ला की होतो. नाही म्हणायचा त्याहून जास्त होतो."

द्वारकाबाईंनी पळी खाली ठेवली. उरलेले चार लाडू आणि सात तुकडे त्यांनी स्वतःच्या हातानं पानातून उचलले.

"पुरे," त्या म्हणाल्या. "सोयरीक पक्की. उठा सगळे."

कुणालाच उठता आलं नाही.

दोन दिवसांनी, शनिवारी, जंगलाची चौकशी सभा भरली. आणखी एक दिवस थांबून भरवली असती तर बरं झालं असतं, कारण गवा सरपंचांना अजून बसवत नव्हतं. त्यांनी आडव्यानंच सभा चालवली. डॉक्टरांनी आकडे वाचून दाखवले. पानं तेहतीस. ठणठणीत दोन. पोट बिघडलेले एकतीस. रानडुकरानं झोपूनच ठराव मांडला, आणि तो टाळ्या वाजवण्याची ताकद नसल्यामुळे माना हलवून मंजूर झाला.

बकुळाचं लग्न माघ वद्य द्वितीयेला सकाळी नऊ वाजून बावीस मिनिटांनी झालं. जेवण उभ्यानं होतं. यमुताईनं एक द्रोण वाळवी खाल्ली. त्या दिवशी तिचं वजन एकशे चार किलो भरलं.

तात्पर्य, सभेच्या ठरावात लिहिलं आहे तसं: पोट लहान करायची शस्त्रक्रिया प्रकृतीला फार घातक असते. एकीनं करून घेतली, आणि एकतीस जणांना औषध घ्यावं लागलं.