आत्याला आवडलेलं यंत्र

"मोठे काका, सकाळ-संध्याकाळ बीपी मोजायचं आणि ह्या वहीत लिहायचं," दवाखान्यातल्या नर्स फिनाऊने केलेपीला बजावलं. "किडन्या निम्म्यावर आल्यात तुमच्या. वरचा आकडा एकशेतीसच्या खाली आला नाही, तर मंगळवारी बोटीने राजधानीच्या इस्पितळात!"

बोटीत बसायचं केलेपीच्या अगदी जिवावर यायचं. त्याने तिने दिलेलं बीपीचं यंत्र जपून घरी नेलं.

दुसऱ्याच दिवशी लुपे आत्या आली. यंत्र उलटंपालटं करून म्हणाली, "हे छान आहे." आणि पिशवीत टाकून चालती झाली.

संपलं! वावाऊ बेटावर बापाच्या बहिणीने एखादी वस्तू छान म्हटली, की ती तिची. परत मागणारा भाचा अजून जन्मायचा होता.

"तुम्ही काय तोंडात मिठाची गुळणी धरली होती?" बायको, लोसालिने, कडाडली.

"मिठालाच तर बंदी आहे!" केलेपी वैतागून म्हणाला.

मग रोज दोनदा टेकडी चढून आत्याच्या घरी जाणं आलं. धापा टाकत पोचला, की आत्या पुढ्यात ताट ठेवायची: अळूच्या पानांत, नारळाच्या दुधात शिजवलेलं खारं मांस.

"आत्या, मीठ बंद केलंय गं मला."

"मी कुठे मीठ वाढतेय? मांस वाढतेय! गीळ मुकाट्याने."

गिळून झाल्यावर पट्टा बांधायचा. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे छप्पन्न. एकशे त्रेसष्ट.

"माझं बघ, एकशेवीस! ह्या वयात!" आत्या म्हणायची. "तुमची पिढीच पोचट."

मंगळवारी फिनाऊने वही पाहून कपाळाला हात लावला. "गोळ्या घेताय ना?"

"वेळच्या वेळी."

"मग आकडे शिडी लावून का चढतायत?"

केलेपीने सगळं सांगितलं. फिनाऊ ताडकन उठली. "दवाखान्याचं यंत्र आहे ते! मीच आणते, बघा."

ती तासाभराने परतली. हातात यंत्र नव्हतं. गळ्यातला स्टेथोस्कोपही नव्हता. तोंडाला नारळाच्या दुधाचा वास मात्र येत होता.

"काका, ती माझ्या बापाचीही आत्याच की हो!" ती पुटपुटली. "पण तुमचा आकडा उतरवायची जबाबदारी तिच्याच गळ्यात टाकून आलेय. बोट एक आठवडा पुढे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या केलेपीच्या स्वयंपाकघरात हजर. खाऱ्या मांसाच्या बादलीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे छान आहे." मग सोया सॉसची बाटली छान निघाली. नूडल्सची पाकिटं छान निघाली. शेवटी मिठाचा डबाही.

"मग मी खाऊ काय?" केलेपी ओरडला.

"उकडलेली अळकुडी आणि ताजा मासा. आणि तू चढ चढू नकोस, मोजायला मीच येईन."

पुढच्या मंगळवारी आकडा होता एकशे अठ्ठावीस.

"बोट रद्द!" फिनाऊने टाळी वाजवली.

केलेपीचा चेहरा आठवडाभर अळणी मासा खाल्लेल्या माणसाचाच होता. "फिनाऊ, आता तरी चिमूटभर..."

तेवढ्यात दारातून आत्या आली. दवाखानाभर फिरलेली तिची नजर वजनकाट्यावर थांबली. फिनाऊने झेप घेतली आणि काट्यावरच बसकण मारली.

"आत्याआजी, हा मोडका आहे!"

आत्याने काट्याकडे पाहिलं, मग फिनाऊला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"पोरगी छान आहे," ती म्हणाली, आणि तिने आपली पिशवी तिच्या हातात दिली. "चल. घरी भांडी पडलीत."