गुणाजी परबाची सूर्यचूल

गुणाजी परबाने सूर्यचूल आणायचं ठरवलं ते एका मंगळवारी, ऑफिसात, तिकिटं चिकटवता चिकटवता. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत, जावक विभागात, तो अठरा वर्षं पाकिटांना तिकिटं चिकटवत होता. (डिंकाची जिभेला इतकी सवय झाली होती की श्रीखंडसुद्धा त्याला जरा सैल वाटायचं.) त्याला एक खोड होती. पाकीट बंद करण्याआधी आतला कागद वाचायचाच. त्या दिवशीच्या कागदात लिहिलं होतं की कंपनीत ऊर्जा-बचतीच्या संशोधनाचा नवा विभाग निघतोय, डॉक्टर मृणालिनी टिपणीस त्याच्या प्रमुख, आणि त्यांना एक सहायक हवाय. शिक्षणाची अट नाही, प्रयोगाची आवड हवी.

“हा माणूस म्हणजे मीच!” गुणाजी मनात म्हणाला. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याला डिंकातून सुटायची वाट दिसली.

शनिवारी सूर्यचूल बोरीवलीला घरी आली. ट्रंकेएवढी पेटी, आतून काळीकुट्ट, वर काच, झाकणाला आरसा, आत काळे डबे. डब्यात तांदूळ-पाणी घालायचं, पेटी गच्चीत उन्हात ठेवायची, भात आपोआप शिजतो. ना रॉकेल, ना धूर.

“आणि ढग आले तर?” त्याच्या बायकोने, सुगंधाने विचारलं.

“सायन्समध्ये असं अशुभ बोलत नाहीत.”

“बरं बाई. उद्या बांगडे आणताय ना, तेच लावू पहिले.”

गुणाजीने कानांवर हात ठेवले. “सूर्यनारायणासमोर बांगडा? अगं, देव आहे तो! आणि रविवार त्याचाच वार!”

झालं, नियम ठरला. रविवारी मासळी स्टोव्हवर, सूर्यचुलीला सुट्टी. म्हणजे गुणाजी घरी असेल त्या दिवशी चूल बंद, आणि चूल चालू असेल त्या दिवशी गुणाजी ऑफिसात. एवढं ध्यानात ठेवा, पुढे वाट कशी लागली ते आपोआप कळेल.

पहिल्या सोमवारी मात्र त्याने खास रजा टाकली. दर पाच मिनिटांनी झाकण उघडायचं, “बघतो हां शिजतोय का,” म्हणायचं, आणि बंद करायचं. ऊन उतरलं तेव्हा डब्यात ओले तांदूळ होते. गुणाजीने ते कुरूमकुरूम चावून खाल्ले आणि वर म्हणाला, “झकास! जरा करकरीत आहे, पण झकास!”

दुसऱ्या दिवसापासून चमत्कार झाला. संध्याकाळी दमून घरी यावं, तर ताटात मऊ, वाफाळता भात. “बघितलंस? सूर्याची ऊबच वेगळी, जातच नाही!” सुगंधा “हो ना,” म्हणायची आणि वरण वाढायची. रॉकेलचा डबा पंधरा दिवस पुरायचा तो महिना पुरायला लागला. गुणाजीने सगळं वहीत लिहिलं, तारीखवार, लाल शाईने रेघा मारून. (रात्री आपल्या गोधडीला वरणाचा वास येतो हेही त्याच्या लक्षात आलं होतं. पण संशोधक म्हटला की असे भास व्हायचेच.)

दोन महिन्यांनी, मे महिन्यातल्या एका बुधवारी, ती वही टिपणीसबाईंच्या टेबलावर होती. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

“रॉकेल निम्म्यावर? परब, आमच्या प्रयोगशाळेतल्या चुलीलाही हे जमलेलं नाही. कसं केलंत?”

“निष्ठा, बाई.”

“हे खरं असेल तर जागा तुमची. चला, दाखवा.”

“कधी?”

“आत्ता. ऊन आहे तोवर.”

घरी फोन नव्हता, सांगावा धाडायला वेळ नव्हता. कंपनीच्या गाडीतून बाईंच्या शेजारी बसून बोरीवलीला जाताना गुणाजी मनातल्या मनात नव्या टेबलावर पेपरवेट कुठे ठेवायचा ते ठरवत होता.

गच्चीत पोचले तेव्हा एक वाजला होता. पाण्याच्या टाकीची सावली निम्म्या पेटीवर पडलेली. बाईंनी ते टिपलं. गुणाजीने सत्यनारायणाचं तीर्थ द्यावं तशा अदबीने झाकण उघडलं. आत पिवळं, चकचकीत, पाकातलं असं काहीतरी होतं.

“परब, हा भात?”

“के... केशरी भात,” गुणाजी म्हणाला. “उन्हाने रंग चढतो.”

बाईंनी बोट बुडवून चाखलं. “आंबटगोड लागतोय.”

“सूर्याचं असंच असतं हो, बाई...”

“अरे अरे, गुणाजीभाई, हात नको लावू!” शेजारच्या जयंतीबेन पापडांची परात टाकून धावत आल्या. “माझा छुंदो हाय! कैरीचा! सुगंधाबेन बोलली, पेटी तर रोज रिकामीच असते, तू ठेव. आठ दिवसात काय मस्त पाक आला बघ!”

“रोज रिकामी?” बाईंनी एकदा लाल रेघांच्या वहीकडे पाहिलं, एकदा गुणाजीकडे. गुणाजीच्या कानशिलांवर त्या क्षणी भात नक्की शिजला असता. नवं टेबल, पेपरवेट, सगळं टाकीच्या सावलीत गडप झालं.

तिघंही खाली घरात आले. सुगंधा पाणी आणायला वळली आणि उन्हाने दमलेल्या बाई कॉटवरच्या गोधडीच्या गाठोड्यावर टेकणार, तोच सुगंधा किंचाळली. घाबरली की तिची मालवणी बाहेर यायची. “बाई, बसू नका! थंय भात निजलो हा!”

बाई अर्ध्यातच थांबल्या. सुगंधाने गाठोडं सोडलं. गोधडी गुणाजीचीच, त्याच्या आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली. आत सूर्यचुलीचा काळा डबा. झाकण काढलं आणि भसकन वाफ वर आली. बाईंनी पर्समधून थर्मामीटर काढून भातात खुपसला.

“स्टोव्हवर केव्हा होता हा?”

“अकरा वाजता. एक चांगली उकळी आणली, दहा मिनिटं. मग गुंडाळून ठेवायचं, आतल्या आत शिजतो. माझी आई शेतावर जाताना पेजेचं मडकं असंच पेंढ्यात दडपून जायची.”

“अजून ऐंशी डिग्री आहे!” बाई कॉटच्या कडेला बसल्याच.

“अगं, मग मला का नाही सांगितलंस?” गुणाजी कसाबसा म्हणाला.

सुगंधा पदराशी चाळा करत म्हणाली, “त्या सोमवारी कच्चे तांदूळ चावून खाल्लेत आणि झकास म्हणालात. बारा वर्षांत तुम्हाला इतकं खूश मी बघितलं नव्हतं. म्हटलं, राहू दे.”

ओरडावं की रडावं, गुणाजीला कळेना. मग त्याने बाईंच्या हातातली वही घेतली, पहिल्या पानावरचं ‘प्रयोगकर्ता : गु. धों. परब’ खोडलं आणि खाली सुगंधाचं नाव लिहिलं. “आकडे खरे आहेत, बाई,” तो म्हणाला. “फक्त माणूस चुकला होता.”

बाई जेवूनच गेल्या. दोनदा भात घेतला, जयंतीबेनच्या छुंद्याबरोबर, आणि जाताना सूर्यचुलीलाही पास केलं. “छुंद्यासाठी उत्तम. टाकीपासून लांब ठेवा.”

शनिवारी जावक विभागात एक पाकीट आलं. गुणाजीने सवयीने कागद वाचला. सहायकाच्या जागेवर सौ. सुगंधा गुणाजी परब यांची नेमणूक झाली होती. त्याने ते पाकीट डोळ्यांना लावलं, जिभेने तिकीट ओलं केलं, आणि स्वतःच्याच पत्त्यावर रवाना केलं.

आता सुगंधा कामगारांच्या वस्त्यांमधून बायकांना गोधडीची पेटी करायला शिकवते. घरोघरी स्टोव्ह दहा मिनिटांत बंद होतात. गुणाजीची गोधडी ‘नमुना क्रमांक एक’ म्हणून प्रयोगशाळेत गेली, तो चादरीवर झोपतो, पण भेटेल त्याला अभिमानाने सांगतो, “आमची मिसेस संशोधनात आहे!”

गेल्या महिन्यात तिचं माहितीपत्रक छापून आलं. सहाशे प्रती, सगळ्या जावक विभागातून जायच्या. पहिलीच प्रत गुणाजीने कौतुकाने शेवटपर्यंत वाचली. तळाशी ठळक अक्षरांत सूचना होती : ‘ही पेटी, दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघणाऱ्या यजमानांपासून दूर ठेवावी.’

गुणाजीने उसासा टाकला, आणि उरलेल्या पाचशे नव्याण्णव पाकिटांसाठी जीभ बाहेर काढली.